देखण्या वेलीच्या काड्या

चिरिनो मिस्त्री म्हणजे आमच्या वाडीतला द्राक्षाची कलमं बांधणारा. एटना या आगीच्या डोंगराच्या उत्तरेच्या उतारावर, रांदाझ्झो गावापासून खाली नदीपर्यंत जेवढे म्हणून मळे, त्यातल्या निम्म्या वेलींना त्याचा हात लागलेला. माणूस बुटका, मान आखूड, डोक्यावर कायम तीच तेलकट टोपी. खिशात दुमडायचा चाकू, आणि तो चाकू बायकोला कांदा चिरायलासुद्धा द्यायचा नाही. त्याची बायको फिना म्हणायची, "यांचं लग्न त्या चाकूशी लागलं. मी आपली वऱ्हाडात आले होते, ती राहिले."

कलम म्हणजे काय, खुंट चिरायचा, काडीला पाचरीसारखी धार काढायची, डोळा वर ठेवून खुंटात बसवायची, ओल्या पातीनं आवळून बांधायची आणि वरून काळी रेती ओढायची. एवढंच. मी एवढंच म्हणते, पण दुसऱ्यांनी बांधली तर शंभरातली साठ धरायची, आणि चिरिनोची पंच्याण्णव. लोक म्हणायचे, चिरिनोनं खराट्याचा दांडा रोवला तरी घड लागतील. हे त्यानं इतक्यांदा ऐकलं, इतक्यांदा ऐकलं, की त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं.

तसा माणूस वाईट नव्हता हो. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या द्याल.

आता वेलींचं सांगते. आमच्याकडचे जुने मळे सरमिसळ असतात. काळ्या द्राक्षाची नेरेल्लो जास्त, मधेच दोन-चार पांढऱ्या, मधेच आजोबांनी कुठून कुठून आणून लावलेलं काहीबाही. आणि त्यात लपून असते एक वेल, तिला आम्ही देखणी म्हणतो. देखणीची काडी बोटाएवढी जाड, सरळ, साल तांबूस चकचकीत. हिवाळ्यात पान नसताना बघाल तर म्हणाल, अहाहा, हीच ती. आणि जूनमध्ये फुलते, आणि सगळी फुलं झडून जातात. एक मणी धरत नाही. धरत नाही म्हणून तर अंगावर मांस! जी घड पोसते ती वाळते, जिला कुणाला पोसायचं नाही ती गुबगुबीत. काडी देखणी, टोपली रिकामी, अशी आमच्याकडे म्हणच आहे.

म्हणून मग रीत अशी, की ऑक्टोबरात तोडणी चालली असताना, घड अंगावर असतानाच, मळ्याच्या बाईनं चांगल्या वेलीच्या बुंध्याला लाल लोकरीचा धागा बांधायचा. फेब्रुवारीत सगळ्या वेली नागड्या, सगळ्या सारख्या. तेव्हा कलमवाल्यानं धागा बघायचा नि त्याच वेलीची काडी कापायची. आईच्या आईपासून चालत आलेलं. यात चूक व्हायला जागाच नाही.

आमच्या वाडीत वेनेरा म्हणून एक बाई होती. लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. तिचा नवरा तुरी छातीत कळ येऊन गेला, चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. जाण्याआधी त्यानं घराखालच्या तुकड्यात दोनशे परदेशी खुंट लावून ठेवले होते. मुळं खाणाऱ्या त्या मेल्या किडीमुळं आमच्याकडे मुळं परदेशी लावायची आणि वर काडी आपली चढवायची. फक्त अगदी वर, काळ्या खडकाच्या कडेला, जिथं नुसती रेती आहे, तिथं कीड जात नाही. तिथं वेनेराच्या सासऱ्याच्या चाळीसेक म्हाताऱ्या वेली आपल्याच मुळांवर उभ्या होत्या. त्यांची काडी घ्यायची, खालच्या दोनशे खुंटांवर चढवायची, असा तुरीचा बेत. तुरी गेला आणि खुंट तसेच राहिले, टक्कल पडल्यासारखे.

वेनेरा लोकांचे कपडे धुवायची, लोकांचे मळे खणायची. हात फुटलेले. पण कुणी कीव करायला आलं की म्हणायची, "तीनच वर्षं काढायचीत बाई. कलम बांधलं की तिसऱ्या वर्षी माझी स्वतःची वाईन. मग बघ मी कुणाच्या चादरी धुते का."

तर त्या ऑक्टोबरात ती वरच्या वेलींची तोडणी करत होती. सोबतीला शेजारची मेनिका. मेनिका उंच, हडकुळी, तोंडानं फटकळ, आणि भुवया नाकावर जुळलेल्या. वेनेरानं ओच्यातून लाल लोकरीची गुंडी काढली. चिरिनो मिस्त्री बांधावर बसून पाव नि ऑलिव्ह खात होता.

"काय गं वेनेरा," तो म्हणाला, "वेलींना थंडी वाजते काय? मोजे विणतेस?"

"धागे बांधतेय, मिस्त्री. तुमच्याच कामाला येतील."

"माझ्या?" त्यानं ऑलिव्हची बी लांब थुंकली. "धागा आंधळ्याला लागतो. माझं बोट काडीवरून फिरलं की वेल आपलं नाव सांगते, बापाचं सांगते, गाव सांगते."

मेनिका म्हणाली, "अहो चिरिनोकाका, बांधू द्या की तिला. धागा काय जेवायला मागतोय?"

"तू घड तोड. आणि त्या जुळलेल्या भुवया घेऊन वेलींकडं फार बघू नकोस, फुलं झडायची!"

सगळे हसले. मेनिकासुद्धा हसली. वेनेरानं गुंडी परत ओच्यात टाकली. एवढा नावाजलेला मिस्त्री, त्याच्यासमोर धागा बांधायचा म्हणजे त्याचा अपमानच की, असं तिला वाटलं.

पण खरी गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. दोन वर्षांपासून चिरिनोच्या डोळ्यांवर सायीसारखं काहीतरी धरत चाललं होतं. लाल धागा आणि तपकिरी बुंधा त्याला एकच दिसायला लागला होता. आदल्या हिवाळ्यात एका मळ्यात तो धागा शोधत गुडघ्यावर फिरत बसला, तर मळेवाला म्हणाला, "मिस्त्री, काही हरवलं का?" चिरिनोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून त्यानं सुरू केलं, धागा नको, धागा बायकांचं खूळ, माझी बोटं सांगतात. डोळे गेले असं म्हटलं तर काम गेलं. काम गेलं की तो कोण? टोपी घातलेला एक म्हातारा.

फेब्रुवारीत तो एकटाच वर गेला. डोंगरावरून बर्फाचा वारा. आमच्याकडे डोंगराला आम्ही बाई मानतो, ती तापली, ती शिंकली असं म्हणतो, तर त्या दिवशी ती नुसती दात खात होती. चिरिनोची बोटं लाकडासारखी झाली. बोटांनी नाव सांगायचं, गाव सांगायचं, ती बोटं मुकी. हाताला लागेल ती काडी चाचपायची. एक काडी लागली, जाड, सरळ, गुळगुळीत. कापली. तिच्या शेजारची, तशीच. कापली. मधेच त्याला त्याच्या बापाचा शब्द आठवला. बाप म्हणायचा, फार चांगली काडी हाताला लागली, तर हात मागं घे. त्याच्या मनात पाल चुकचुकली. पण हात मागं घेतला तर मग दुसरी कुठली घ्यायची, हे विचारायचं कुणाला? धागा तर त्यानंच बांधू दिला नव्हता. कापत गेला. मोळी बांधली, खाली येऊन वेनेराच्या तळघरात ओल्या रेतीत पुरली. वेनेरानं काड्या बघितल्या नि तिचे डोळे भरून आले. "मिस्त्री, काय काड्या काढल्यात हो! असं वाटतं देवळात ठेवाव्या."

मार्चमध्ये कलमं बांधली. आणि धरली की हो! दोनशेतली एकशे नव्वद धरली.

मे महिन्यात पान आलं. एका सकाळी चिरिनो त्या तुकड्यात गेला. आता पानाची गोष्ट अशी, की आमच्या काळ्या नेरेल्लोच्या पानाला पाठीवर लव असते, कोंबडीच्या पिलासारखी. डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून त्यानं पान तोडलं आणि गालावर फिरवलं. गुळगुळीत. दुसऱ्या वेलीचं फिरवलं. गुळगुळीत. तिसऱ्या ओळीत गेला, चौथ्या ओळीत गेला. म्हातारा माणूस, ओळीओळीनं फिरत होता आणि पानं गालाला घासत होता. कुठंतरी आठ-दहा वेलींना लव लागली. बाकी सगळा तुकडा देखणीचा.

तेव्हाच जर तो बोलला असता! पुढच्या मार्चमध्ये परत कलम, एक वर्ष फुकट गेलं, वेनेरानं चार शिव्या घातल्या असत्या, संपलं असतं. तो बोलायला निघालाही होता. रविवारी प्रार्थना संपली की सांगू, असं ठरवून गेला. तर देवळाच्या पायऱ्यांवर वेनेरा सगळ्या गावाला सांगत होती, "धागा लागला नाही त्या माणसाला! एकशे नव्वद! हात नाही तो, आशीर्वाद आहे." आणि तिनं सगळ्यांदेखत त्याच्या हाताचं चुंबन घेतलं, पाद्र्याच्या हाताचं घेतात तसं. त्याच बाजूच्या खिशात ते पान होतं. हात सुटताच त्यानं ते आतल्या आत चुरगळलं.

मग तोंडाला कुलूप बसलं ते बसलंच. आज सांगू, तोडणी झाली की सांगू, नाताळ झाला की सांगू. वेनेरा प्रत्येक सणाला त्याला बोलवायची, हरभरे घालून शिजवलेल्या पास्त्याचं पहिलं ताट त्याला. स्वतः तळाचं खरवडून खायची. शेवटी त्यानं तिच्या दारावरून जाणंच सोडलं, वरच्या वाटेनं वळसा घालायला लागला.

फिना म्हणाली, "तिकडून कुठं चाललात?"

"पाय मोकळे करतो."

"पाय मोकळे करायला अर्धा डोंगर लागतो होय? कुठली बाई ठेवलीय का वर?"

"गप बस."

"बाईच असती तर बरं होतं," फिना म्हणाली. "निदान चेहरा तरी हसरा असता."

तिसरा जून आला. खालचा तुकडा असा भरला होता, पानं ही एवढी, काड्या खांबाच्या वर. फुलोरा आला. वेनेरानं पिंप धुऊन उन्हात ठेवलं, जूनमध्येच! आणि मग एका आठवड्यात सगळी फुलं गळाली. खाली काळ्या रेतीवर पिवळा भुसा. आठ-दहा वेलींना तेवढे मणी राहिले.

वेनेरा तीन दिवस रेतीवर बसून होती. देखणीचा संशय कुणालाच आला नाही, काड्या चिरिनोच्या हातच्या ना. कुणी म्हणालं, डोंगरानं राख टाकली तिचा हा परिणाम. पण राख काय फक्त वेनेराच्याच मळ्यात पडली? मग एका बाईनं ताटलीत पाणी घेतलं, तेलाचे थेंब सोडले, तेल पसरलं. दृष्ट. कुणाची? त्याला शोधायला लांब कुठं जायचं! चिरिनो मिस्त्रीच म्हणाला नव्हता का तीन वर्षांपूर्वी, जुळलेल्या भुवयांनी बघू नकोस, फुलं झडायची?

त्यानं चेष्टेत म्हटलं होतं. पण ते आता सगळ्यांना आठवलं.

मेनिकाला कुणी कामाला बोलवेना. भट्टीवर पाव भाजायला गेली की बायका आपापल्या परडीवर फडकं ओढायच्या. मी पण ओढलं. खोटं कशाला सांगू. ती समोरून आली तेव्हा मी पोराला शालीआड घेतलं, आणि ती बघत होती. आजही आठवलं की मान वर होत नाही.

ऑगस्टमध्ये मेनिकानं चिरिनोला वरच्या वाटेवर गाठलं. "काका, थांबा. तुम्ही वेलींचे डॉक्टर. तुम्हीच सांगा लोकांना. भुवयांनी फुलं झडतात का?"

चिरिनोनं तिच्याकडं बघितलं नाही. "हवा खराब होती यंदा," तो म्हणाला.

"तेच सांगा ना मग. देवळासमोर उभं राहून सांगा, हवा खराब होती. तुमचं ऐकतील."

"बघू."

"बघू?" मेनिका म्हणाली. "दोन महिने झाले काका, मला कुणी काम देत नाही. मी काल शेजाऱ्यांच्या कोंबड्यांसाठी टाकलेला पाव उचलला."

तो चालायला लागला. पुढं वळणावर दगडाला ठेचकाळून पडला, गुडघा फुटला, आणि त्याला बरं वाटलं. काहीतरी दुखतंय म्हणून बरं वाटलं.

मग अकरा नोव्हेंबर, सान मार्तिनो या संताचा दिवस. त्या दिवशी द्राक्षं तुडवतात त्या तुडवणीच्या घरात सगळी वाडी जमते, नवी पिंपं उघडतात, चेस्टनट भाजतात, सॉसेज भाजतात. आणि आमची एक रीत आहे. ज्या मळ्याचं कलम तिसऱ्या वर्षाला लागलं, त्या मळ्याच्या बाईनं पहिली सुरई कलमवाल्याच्या हातात द्यायची. त्यानं सगळ्यांसमोर एक घोट घ्यायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "धरलं!" मग सगळे ओरडतात, मग प्यायला सुरुवात.

चिरिनोला वाटलं होतं वेनेरा येणार नाही. काय घेऊन येणार? पण ती आली. वरच्या म्हाताऱ्या वेलींचे घड आणि खालच्या आठ-दहांचे, एवढ्याचीच मिळून तिनं छोटंसं पिंप भरलं होतं. तिनं सुरई भरून आणली. "मिस्त्री," ती म्हणाली, "वाईन थोडी आहे. त्यात तुमचा दोष नाही. तुमचं काम चोख होतं, माझं नशीब फुटकं. रीत ती रीत."

तेवढ्यात दारात गलका झाला. मेनिका आली होती, उंबऱ्यापाशी उभी. "आत नको!" कुणीतरी ओरडलं. "नव्या वाईनवर हिची नजर नको!"

"मी येत नाही आत," मेनिका म्हणाली. "लांबून चेस्टनटचा वास घेते. वास घेतला तर चालेल ना?"

चिरिनोच्या हातात सुरई. त्याला ना सुरई नीट दिसत होती, ना दार. पण तो आवाज त्यानं ऐकला. सगळे वाट बघत होते, आता म्हणेल, धरलं.

"मिस्त्री, म्हणा की!"

त्यानं टोपी काढली. देवळाबाहेर त्याचं डोकं कुणी कधी बघितलं नव्हतं, पांढरं, पोराच्या डोक्यासारखं. तो म्हणाला, "देखणीच्या काड्या होत्या."

"काय?"

"मी देखणीच्या काड्या कापल्या. मला धागा दिसत नाही. डोळे गेलेत माझे. म्हणून बांधू दिला नाही." आणि म्हणाला, "मला पहिल्याच मेमध्ये कळलं होतं."

विस्तवात चेस्टनट फुटत होते, तेवढाच आवाज. फिनानं तोंडावर हात ठेवला. कुणीतरी मागून म्हणालं, "तीन वर्षं जेवला तिच्या घरी." ते सुरीसारखं गेलं.

वेनेरा ओरडली नाही. ओरडली असती तर सोपं झालं असतं. ती म्हणाली, "पहिल्याच मेमध्ये?"

"हो."

"देवळाच्या पायरीवर मी तुमच्या हाताचं चुंबन घेतलं, तेव्हा?"

"तेव्हा पान खिशात होतं."

तिनं सुरई त्याच्या तोंडाकडं ढकलली. मग म्हणाली, "प्या."

"वेनेरा, मला..."

"प्या. रीत आहे. माझ्या सासऱ्याच्या वेलींची आहे, यात खोट नाही."

तो प्यायला. धरलं म्हणाला नाही, कुणी म्हणायलाही लावलं नाही. वेनेरा दाराशी गेली, मेनिकाचा हात धरून तिला आत आणलं आणि विस्तवाजवळ बसवलं. बाकी कुणी माफी मागितली नाही. आम्ही फक्त सरकून जागा केली. तेवढीच आमची लाज.

वेनेराच्या वरच्या वेलींचे घड तोडून झाले होते, पण मेनिकाला ठाऊक होतं कुठल्या वेलीनं काय दिलं, तिनं कितीतरी वर्षं तिथं तोडणी केलेली. दुसऱ्याच दिवशी दोघींनी वर जाऊन लाल धागे बांधले. फेब्रुवारीत चिरिनो वेनेराच्या दारात उभा राहिला, टोपी हातात. म्हणाला, बांधायचं काम अजून जमतं, बोटांना ते पाठ आहे. फुकट करतो, जेवायलाही बसणार नाही. वेनेरा म्हणाली, "फुकट तर करालच." मेनिका काड्या कापायची, हातात द्यायची, आणि देताना म्हणायची, "ही घ्या काका, ही कुरूप आहे, माझ्यासारखी." तो खाली मान घालून बांधायचा. देखणीची मान कापून त्याच खुंटावर चांगली काडी चढवली. सगळा मार्च गुडघ्यावर. दुसऱ्या कुणी त्याला कामाला बोलवलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. चाकू त्यानं फिनाला दिला. ती त्यानं कांदा चिरायची आणि रडायची, आणि म्हणायची, कांद्यानं रडतेय.

परत तीन वर्षं. वेनेरा परत चादरी धुवत होती. चिरिनो तिच्या दारावरूनच जायचा आता, वळसा घालायचा नाही, काठी टेकत, रोज. ती बोलायची नाही. कधी धुण्याचं पाणी त्याच्या पायाजवळ पडायचं. तो थांबायचा, मग पुढं जायचा.

तिसऱ्या ऑक्टोबरात खालचा तुकडा काळा झाला घडांनी. सान मार्तिनोला तुडवणीचं घर भरलं. चिरिनो आला, पण आत गेला नाही. दारात उंबऱ्यापाशी उभा राहिला, भिंतीला हात लावून.

मेनिका बाहेर आली. "चिरिनोकाका, इथं कशाला उभे? ही माझी जागा आहे. पाच महिने भाडं भरलंय मी हिचं. चला आत."

तिनं दंडाला धरून नेलं. वेनेरानं सुरई त्याच्या हातात दिली. तो एक घोट प्यायला आणि जमिनीकडं बघून म्हणाला, "धरलं."

"ऐकू नाही आलं," वेनेरा म्हणाली.

"धरलं."

"अजून एकदा."

कुणाला कळलं, कुणाला नाही कळलं, पण त्याला कळलं, ती काय मोजत होती ते, वाया गेलेली तिची तीन वर्षं. तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा आवाज फुटला त्याचा. मेनिकानं पुढं होऊन त्याच्या हातातली सुरई काढून घेतली, कारण तो ती ठेवायला टेबल चाचपत होता आणि टेबल दुसऱ्या बाजूला होतं.